मागच्या चाकाचं माप

आमच्या घरात तेव्हा दोघं नुसते बसून होते. अंगणात नवऱ्याची मोटार आणि ओट्यावर माझे बाबा. मोटारीकडे नवऱ्याचं लक्ष असे. बाबांकडे कोणाचंच नसे. माझंही नसे, आणि हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

नव्वदचं दशक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. नवरा बस डेपोत मेकॅनिक, आणि मी बेल्याकडच्या एका गावात मराठी शाळेची मास्तरीण. सकाळी सातची बस, संध्याकाळी मिळेल ती. सहावी-सातवीचं गणित, पाचवीचं सगळंच, शिवाय खानेसुमारी, मतदारयाद्या आणि पोलिओचे डोस. मास्तर दिसला की सरकारला काम आठवतं. घरी आल्यावर हापशाचं पाणी, मग स्वयंपाक, मग वह्या. त्या काळातलं काहीही आठवायला बसले की आधी माझे पाय दुखायला लागतात.

मोटारीचं असं झालं. गावातल्या एका जिनिंग मिलच्या गोदामात एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार पडून होती. दोन सीटची, बिनछपराची, जमिनीला चिकटलेली. मिलवाल्याच्या वडिलांनी हौसेनं घेतली होती, ते गेल्यावर तिच्यावर सरकी पडली आणि उंदरांनी सीटची पिसं केली. मिलवाल्याला गाठी ठेवायला जागा हवी होती, म्हणून त्यानं ती नवऱ्याला उचलून न्यायला सांगितली. नवऱ्यानं ती दोरीनं ओढत घरी आणली त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, "हे काय आणलं बाप्पा?" तो म्हणाला, "पाय तू फक्त." मी चार वर्षं पाहत होते.

चार वर्षांनी ती चालली, हे मात्र खरं. ड्यूटीवरून आला की हा माणूस तिच्याखाली शिरायचा, आणि मला त्याचे दोन पाय तेवढे दिसायचे. संसारात नवऱ्याचे पाय दिसत राहिले तरी पुष्कळ, असं मी शाळेतल्या बाईंना सांगायची.

शहराबाहेर निजामाच्या वेळचं विमानतळ होतं. विमान तिथं मी जन्मात पाहिलं नाही. धावपट्टीचा अर्धा भाग उखडून त्यात बोरी-बाभळी उगवल्या होत्या, अर्धा अजून सपाट होता. रविवारी सकाळी तिथं सहा-सात मोटारवेडे जमत. कोणी निजामाबादचा, कोणी नांदेडचा, एक चंद्रपूरचा. दोन टोकांना चुना लावलेली डांबराची रिकामी पिंपं ठेवायची, त्यांना वळसे घालत मोटारी पळवायच्या. निवृत्त झालेले एक तेलुगू पीईटी सार, म्हणजे शाळेतले ड्रिल मास्तर, स्टॉपवॉच घेऊन उभे राहत. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, नुसता वेळ मोजायचा. त्याला ते लोक 'ट्रॅक डे' म्हणत. मी त्याला धुण्याचा दिवस म्हणत असे, कारण घरी मी तेच करत असायची.

आता बाबांचं सांगते. बाबा सीमेवरच्या एका गावात एकाच घरी चाळीस वर्षं सालगडी होते. वर्षाचा करार, गुढीपाडव्याला पुन्हा तोच करार. शेत मालकाचं, बैल मालकाचे, बंडी म्हणजे बैलगाडी, तीही मालकाची. बंडी हाकायला मात्र बाबांसारखा दुसरा माणूस त्या भागात नव्हता, असं लोक म्हणत. आम्ही बौद्ध. गावात आमच्या घराला बोलावणं यायचं ते कामासाठी, मत विचारायला नाही. बाबांनी मला शिकवलं ते मालकाच्या बोलण्याकडे काणाडोळा करून, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात केला असेल. आई गेल्यावर मी त्यांना घेऊन आले.

आणल्यावर लक्षात आलं की बाबांना 'हाव' सोडून दुसरा शब्दच राहिलेला नाही.

"बाबा, भाजीत मीठ हाये का?"

"हाव."

"कमी झालं का?"

"हाव."

चाळीस वर्षं 'हाव मालक' म्हणून म्हणून तोंडाला तेच वळण पडलेलं. पाणी प्यायचं तरी माठाकडे बघून माझ्याकडे बघायचे. मला त्याचा राग यायचा. बाबांचा नव्हे, पण कोणाचा ते कळत नसल्यामुळे तो बाबांवरच निघायचा. जावई-सासऱ्याचं बोलणं म्हणजे "मामाजी, जेवले का?" आणि "हाव." पुढे दोघंही मोकळे.

त्या हिवाळ्यात मोटारीचे मागचे टायर गुळगुळीत झाले. या मोटारीला ढकलणारी चाकं मागची, म्हणून सगळा जीव मागच्या टायरांत. नवऱ्यासमोर दोन मापं होती. एक मूळ माप, बारीक आणि बुटकं. दुसरं एका मोठ्या मोटारीचं, दोन बोटं रुंद आणि दीड बोट उंच. रुंद पण बुटका असा तिसरा प्रकारही असतो म्हणे, पण तो आदिलाबादेत कोणी डोळ्यानं पाहिला नव्हता. दोन्ही मापांचे जोड त्यानं ओळखीवर आणून अंगणात ठेवले, आणि पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बारीक लावला तर मोटार चटकन उसळेल, पण वळणावर घसरेल. रुंद लावला तर वळणावर पकड राहील आणि सरळ पट्टीवर एका फेऱ्यात जास्त जमीन कापेल. जेवताना टायर, आंघोळीला जाताना टायर. शेवटी मी म्हटलं, "मले नोका इचारू. मले सव्वीस वह्या तपासाच्या हायेत."

पण गणित शिकवणाऱ्याला माप दिलं की हात गप्प राहत नाही. त्याच वह्यांमधल्या एका कोऱ्या पानावर मी दोन्ही टायरांचा व्यास मांडला, परीघ काढला. बारीक चाकाचे किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे होतात, मोठ्याचे पाचशे वीस. म्हणजे इंजिनाला प्रत्येक फेरा जास्त जड जाणार. लांबच लांब रस्ता असला तर ते परवडतं. अर्ध्या उखडलेल्या पट्टीवर, दर मिनिटाला दोन पिंपं वळायची असताना, परवडत नाही. उत्तर स्वच्छ होतं. बारीक लावा.

तो कागद घेऊन मी बाहेर आले, तर अंगणात भलतंच चाललं होतं. मी झिडकारल्यावर नवऱ्याला विचारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं ओट्याकडे पाहून विचारलं होतं, "मामाजी, तुमाले काय वाटते? कोणतं लावू?"

बाबा पहिल्यांदा मागे वळून बघू लागले, मागे कोणी दुसरा मामाजी उभा आहे का म्हणून. मग उठले, धोतर सावरलं, दोन्ही टायरांपाशी जाऊन उकिडवे बसले. टायरावर हात फिरवला. आणि बोलायला लागले. माझ्या आठवणीत एवढं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"मोठं लावा जवाई. मोठं चाक गोट्यावरून, चाकोरीतून अल्लद जाते. लहान चाक हरेक खड्ड्यात पाय घालते. म्या दोन्ही बंड्या हाकल्या हायेत. मोठ्या चाकाले बैल कमी हापते. अन् रुंद पायजे, काया मातीत रुंद चाक वर राह्यते. चाक मोठं तं बैल सुखी."

"बरोबर हाये," नवरा म्हणाला. खरंच पटलं म्हणून म्हणाला की पंधरा दिवसांनी कोणीतरी ठाम बोललं म्हणून, ते मला कळलं नाही. त्याला कोणीतरी ठरवून द्यायला हवं होतं आणि बाबांनी ठरवून दिलं. मी कागद चुरगळून मुठीत धरला आणि आत जाऊन भाकरी टाकली.

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं हे त्याच क्षणी माहीत असूनही बोलले नाही. माझा बाप सत्तरीला टेकला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी विचारलं होतं. मी मध्ये कडमडून 'बाबा, चूक आहे' म्हणायचं? जीभ रेटली नाही.

टायर बसले. मोटार मागून उंच झाली, पाठीमागून कोणी शेपूट उचलून धरल्यासारखी. मडगार्डला घासत होतं म्हणून नवऱ्यानं पत्रा ठोकून बाहेर वळवला. आणि बाबा बदलले. रविवारी पहाटे उठून आंघोळ, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. मोटारीत जावयाच्या शेजारच्या सीटवर बसून विमानतळावर जायचे. तिथं पिंपाजवळ बसून भेटेल त्याला सांगायचे, "हे मागचं चाक म्या सांगतलं." हिंदीत, तेलुगूत, जमेल तसं. पीईटी सारांनाही सांगून झालं. घरी पाणी विचारून प्यायचं बंद झालं. एकदा तर भाजी खाऊन म्हणाले, "मीठ जास्त पडलं." मी ते शाळेत चार बायांना सांगितलं.

आणि मोटार दोन सेकंदांनी मागे पडली.

पहिल्या रविवारी मी विचारलं तर नवरा म्हणाला, "नवीन टायर हायेत, बसतीन." दुसऱ्या रविवारी म्हणाला, "वारा होता." तिसऱ्या रविवारी मी स्वतः गेले. पिंपाला वळसा घालून निजामाबादवाल्याची मोटार अशी सुटायची की मागे धूळ उभी. आमची वळायची सुरेख, अगदी न घसरता, आणि मग सरळ पट्टीवर इंजिन गुदमरायचं. मोटार वेगात येईपर्यंत पुढचं पिंप यायचं. पीईटी सार घड्याळ दाखवून म्हणाले, "क्या अन्ना, टर्निंग के बाद गाडी सो जा रही तुम्हारी." बाबा जवळच बसले होते. नवरा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "कार्ब्युरेटर साफ करना है सार."

त्याला कळलं होतं. मला आधीपासून कळलेलं होतं. आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत भांडायला लागलो.

"उद्या काढतो मी ते टायर," तो म्हणायचा.

"खबरदार."

"आवं, चार वर्षं घालवली म्या या गाडीत."

"अन् त्याईनं चाळीस घालवली दुसऱ्याच्या बंडीवर. चाक काढलं तं तेथच्या आठ लोकायले दिसन. मंग ते पुन्ना ओट्यावर जाऊन बसतीन, अन् मंग नाई उठाचे."

"मंग मी काय करू?"

"काई नोका करू."

काही न करणं हे किती थकवणारं काम आहे, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. बाबा आले की विषय बदलायचा. बाबांनी विचारलं, "आज कशी पळाली जवाई?" की नवऱ्यानं "झकास" म्हणायचं आणि मी ताटाकडे बघायचं. फेब्रुवारीत विमानतळाच्या फाटकावर तेलुगूत एक नोटीस लागली. उन्हाळ्यात सगळ्या जागेला तारेचं कुंपण पडणार, आत यायला मनाई. म्हणजे नवऱ्याच्या हातात मोजके रविवार उरले होते. चार वर्षं जी मोटार त्यानं उंदरांच्या तोंडातून काढली, ती एकदा तरी तिच्या ताकदीनं पळावी एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मी अडवून धरलं होतं. तो माझ्यावर चिडत नव्हता. नुसता दमलेला दिसायचा. माझं तर विचारूच नका. दोन पुरुषांची मनं सांभाळत घरात वावरायचं म्हणजे डोक्यावर भरलेली घागर घेऊन दिवसभर चालण्यासारखं होतं.

आठवा रविवार गेला. पुढच्या आठवड्यात दुसरा शनिवार आला, शाळेला सुट्टी. नवरा ड्यूटीवर होता. मी दुपारी भांडी घासत होते तर बाबा म्हणाले, "बाई, जराशी बाहेर ये. गाडी ढकलाले हात लाव."

त्यांनी मोटारीच्या मागच्या टायरावर चुन्याची रेघ ओढली होती. मालकाच्या वेळची ही त्यांची जुनी रीत. शेत किती लांब, कडबा किती दूर, हे मोजायचं तर बंडीच्या आऱ्याला चिंधी बांधायची आणि फेरे मोजत चालायचं. मी मोटार ढकलली, बाबा वाकून फेरे मोजत बाजूनं चालले. आमच्या कडुनिंबापासून हापशापर्यंत एकोणीस फेरे. मग त्यांनी मोटारीतलं जादा चाक काढलं. त्याला जुना, बारीक टायर होता. त्याच्यावर रेघ ओढून ते हातानं लोटत नेलं. वीस फेरे.

"एक कमी," ते म्हणाले. "बंडीले हे चांगलं. बैलाले तेवढाच आराम."

आम्ही मोटार ढकलत परत आणली. त्यांनी अंगणात येऊन नवऱ्याची सायकल उलटी उभी केली. मागचं चाक कडेला धरून फिरवलं, ते सहज फिरलं. मग मधला तुंबा, जिथं आरे जुळतात तो, मुठीत धरून फिरवायला लागले. चाक जड गेलं, मूठ सरकायला लागली. पुन्हा केलं. मग मोटारीखाली वाकले, इंजिनापासून मागच्या आसापर्यंत गेलेल्या लोखंडी दांड्यावर हात फिरवून पाहिला. उठले तेव्हा गुडघे मातीनं भरले होते.

"आमचा बैल बाहेर राह्यते," ते म्हणाले. "बैल बाहेरून ओढते, म्हून मोठं चाक हलकं. हिचा बैल आसातच बसून हाये. आतून फिरवाचं तं मोठं चाक जड. म्या उलटं सांगतलं."

"थोडासा फरक हाये बाबा," मी म्हटलं.

"थोडासा नाई. ते निजामाबादवाल्याची गाडी वळणावरून कशी निंगते, म्या आठ हप्ते पाह्यतो हाये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू गणिताची मास्तरीण. तुले हे ठाऊक होतं?"

खोटं बोलायचं तर तीच वेळ होती. माझ्या अंगात तेवढं त्राण नव्हतं.

"हाव," मी म्हटलं.

"कवापासून?"

"चाक लावाच्या आधीपासून."

"अन् जवायाले?"

"पयल्या रविवारपासून."

बाबा ओट्यावर बसले. मी त्यांच्यासमोर उभी होते, हाताला राख तशीच. मी म्हटलं, "तुमाले वाईट वाटन म्हून नाई बोललो."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मंग?"

मी हाताची राख पदराला पुसली. ते पुढे जे बोलले ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आवाज चढवला नाही त्यांनी.

"मालकाच्या घरी माह्यी चूक झाली तं मालक शिवी दे. सगळ्यायसमोर दे. म्या मान खाली घालो, अन् दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट नीट करो. त्याले वाटे का याले सांगतलं तं हा सुदारन. तुमी मले तेवढंबी नाई समजलं. तुमी मले लेकरावानी खेळवलं."

मी शिकलेली, पगार आणणारी, बापाला सन्मानानं घरी आणणारी मुलगी. मालकापेक्षाही वाईट वागले होते. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण अर्थ तोच होता, आणि तो खराच होता.

संध्याकाळी नवरा आला. डबा पिशवीतून काढतोय तोवर बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "जवाई, मागचे चाकं काढा. म्या चुकलो."

नवऱ्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "नाई हो मामाजी, चांगले तं हायेत."

"खोटं नोका बोलू!" बाबा ओरडले. मी माझ्या बापाला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. शेजारची तेलुगू बाई दारात आली.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगा ना आता. त्याईले सगळं कळलं हाये."

मग आठ आठवड्यांचं साचलेलं बाहेर पडलं. नवरा म्हणाला, आठ रविवार गेले माझे मामाजी, तुमच्या त्या चाकानं इंजिनाचा जीव घेतला, आता कुंपण पडाले आलं अन् माझ्या गाडीचा एक वेळ धड नाही लागला. बाबा म्हणाले, मंग इचारलं काऊन मले? गाडी तुमची, पाना तुमच्या हातात, तुमाले कळत नव्हतं? नवरा म्हणाला, कळत नव्हतं म्हणूनच तर विचारलं! बाबा म्हणाले, मंग कळल्यावर सांगाले काय झालं होतं, दातखीळ बसली होती का? अर्धा तास चाललं. शेवटी नवरा जॅक घेऊन मोटारीखाली शिरला आणि बाबा पाना हातात धरून वरून भांडत राहिले. नट सैल करतानाही भांडत होते. अंधार पडायच्या आत, तेव्हापासून पडून असलेली बारीक चाकं लागली. दोघांनी एकाच परातीत हात धुतले आणि जेवायला बसले, आणि जेवतानाही तेच.

त्यांचं मिटलं. भांडले म्हणून मिटलं. माझं मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं विमानतळावर गेले. मोटार वळणावर थोडी घसरली, पण पिंप ओलांडलं की उसळून सुटली. पीईटी सारांच्या घड्याळात तिचा तोवरचा सगळ्यात चांगला वेळ लागला. निजामाबादवाला तरी पुढेच राहिला. बाबांनी तिथं सगळ्यांना सांगितलं म्हणे, "मोठं चाक म्या सांगतलं होतं, चुकलं होतं, मंग म्याच काढाले लावलं." त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. कमीपणा येईल म्हणून मी आठ आठवडे पहारा दिला होता.

घरी मात्र माझ्याशी ते मोजकं बोलत. "वाढ." "झालं." "बस आली का?" रागानं नव्हे. मी त्यांना जसं सांभाळलं होतं, तसंच ते आता मला सांभाळत होते. मला वाईट वाटेल असं एक अक्षर बोलत नव्हते. ते किती लागतं ते मला तेव्हा कळलं. शाळेतून येताना बसमध्ये मी रोज ठरवायची की आज काहीतरी बोलायचं, आणि घर आलं की पाय दुखतात म्हणून उद्यावर टाकायची.

कुंपण पडायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिका घेऊन ओट्यावर बसले होते. एकूण एकशे चार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायच्या होत्या. बाबा मोटारीच्या पुढच्या चाकाकडे बघत बसले होते. थोड्या वेळानं, मला म्हणून नव्हे, असंच अंगणाला सांगितल्यासारखं म्हणाले, "पुढच्या चाकाले तं इंजिन फिरवत नाई. ते नुसते मांगच्याच्या जोरावर लोटल्या जातात. म्हंजे ते बंडीचेच चाक झाले. तेथं मोठे लावाले पायजे."

मी पेन थांबवलं. बोलणं बिनचूक वाटत होतं. पण कुठंतरी चुकत होतं, आणि ते कुठं हे शोधायला मला डोकं चालवावं लागणार होतं, जे दिवसभरानंतर माझ्यात शिल्लक नव्हतं. 'हाव बाबा' म्हटलं असतं की सुटले असते. जिभेवर आलंही होतं.

"नाई बाबा," मी म्हटलं. "चुकून राह्यले तुमी."

माझ्या बापाला मी उभ्या जन्मात हे वाक्य बोललेली नव्हते.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि माझ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातानं बाजूला लोटून समोर मांडी घातली.

"काऊन?" ते म्हणाले. "सांग."

मी आतून खडू आणला आणि ओट्याच्या फरशीवर चाक काढलं. बंडीचं चाक आडवं वळत नाही, मोटारीचं वळतं, ते मोठं झालं तर पत्र्याला घासेल, हे सांगितलं. ते म्हणाले, पत्रा कापाचा. मी म्हटलं, मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागेल, पिंपाजवळ थांबणार कसं? ते म्हणाले, आधीपासून दाबाचा. मी म्हटलं, नाही बाबा, तसं नाही चालत. त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि माझं चाक पुसून शेजारी आपलं काढलं. ते वाकडं आलं होतं. मी म्हटलं, हे बी चुकलं. ते म्हणाले, "चुकलं तं चुकलं, तू पयले माह्यं आयकून घे."

एकशे चार उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. मी ऐकत बसले.